झेंडूखालचा दिवा

तुमसरच्या आमच्या कॉलेजात सर्व्हर दुरुस्तीला येणारा तो माणूस आधी डिस्कवरचे बारीक दिवे बघायचा. "हिरवा हाय तोवर चहा पिऊ, मॅडम. पिवळा झाला का एक डिस्क गेली समजा; दुसरी जायच्या आत मले फोन करजा." 'दिवे पाहणे' हे माझ्या रोजच्या यादीतलं पहिलं काम होतं.

खंडेनवमीला मी सर्व्हरची पूजा करून झेंडूचा हार घातला. हाराखाली एक दिवा पिवळा झाला. आठवड्याने दुसरी डिस्कही गेली आणि विद्यार्थ्यांचे जुने गुण कायमचे पुसले गेले.

प्राचार्य येण्याआधी त्याने सुकलेला हार काढून स्वतःच्या पिशवीत टाकला. "चूक माहीच हाय, सर," म्हणाला. त्याचं काम सुटलं.

यादीत त्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवसापुढे माझी बरोबरची खूण आहे.