ताईला झोप लागली

आमच्या मामाचं गाद्यांचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तयार गाद्या एकीवर एक रचलेल्या. मागच्या खोलीत कापूस, काथ्या, खोळींच्या कापडाचे तागे, शिलाई मशीन, आणि मधोमध दाभण हातात धरून मांडी घालून बसलेला मामा. त्याच्या भुवयांवर कायम कापूस असतो, त्यामुळे तो ऐन तिशीतही म्हातारा दिसायचा. आता खरोखर म्हातारा झालाय, तरी कुणाला फरक कळत नाही. आम्ही भाचरं त्याला उशीमामा म्हणतो.

गादी शिवून झाली की तो तिच्याशेजारी गुडघे टेकतो, तळहातावर तळहात ठेवतो आणि कोपरं ताठ ठेवून अंगाच्या भाराने दाबतो. मग हात तिथेच ठेवून भार काढून घेतो आणि गादी कशी वर येते ते बघतो. त्याच्या मते दाबणं कुणालाही जमतं. तिला पुरती वर येऊ देणं हेच खरं कसब.

दुकानात येणाऱ्याने गादीवर पडून बघायचं आणि त्याचा डोळा लागला तर कुणी उठवायचं नाही, असा मामाचा शिरस्ता. गिऱ्हाईक घोरायला लागलं की त्याला कोण आनंद! तो ओठांवर बोट ठेवतो, मशीन बंद करतो, आणि परीक्षेत पहिला आल्यासारखा आमच्याकडे बघत राहतो.

एकाच माणसापुढे त्याची मात्रा चालली नव्हती: त्याची थोरली बहीण, आमची मावशी. ती आयुष्यभर शाळेत गणित शिकवायची आणि आयुष्यभर चटईवर झोपायची. तुझ्या गादीत माणूस रुततो, चिखलात म्हैस रुतते तसा, असं ती त्याला तोंडावर ऐकवायची. मामाने हट्टाने तिच्यासाठी गादीमागून गादी शिवली. तिने त्या सगळ्या शेजारीपाजारी वाटल्या. तिची अख्खी इमारत मामाच्या गाद्यांवर सुखाने झोपते.

त्या दुपारी मी आणि मावशी सहज दुकानात गेलो होतो. सकाळपासून पाठीत भरून आलंय, असं ती वाटेत म्हणाली होती. मी ते मामाला सांगितलं आणि त्याने लगेच नव्या गादीवर चादर अंथरली. पड जरा, म्हणाला. आणि मावशी पडली. मावशीने वाद न घालता ऐकलं, तिथेच खरं तर आम्हाला शंका यायला हवी होती.

मामाने दाभण ओवलं असेल नसेल, तोच पुढच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. मोठं, खोल, घशातून ओढलेलं. मामा पाय न वाजवता दारात गेला. त्याचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"ताईला झोप लागली," तो कुजबुजला.

मलाही हसू आलं. तेवढ्यात मामी आली. ती पोहण्याच्या तलावावर तिकिटं देते आणि तिथल्या सगळ्यांना दरवर्षी रबरी पुतळ्यावर प्राण वाचवायला शिकवतात. मामाने तिलाही बोटाने गप्प केलं. ती थबकली, ऐकत राहिली. एक घोरणं झालं, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा एक, आचके दिल्यासारखं. मामीने हातातली पिशवी तिथेच टाकली. "वन्सं," म्हणत तिने मावशीचे खांदे गदागदा हलवले. मावशी हलली नाही. तोंड उघडं होतं, छाती स्थिर.

"ही झोप नाही," मामी म्हणाली. "हृदय बंद पडलंय. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लाव."

मी फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. मामी तोवर गादीवर चढून दाबायला लागली होती. पण गादीने ज्याच्यासाठी तिला शिवलं होतं तेच केलं. मामीचा सगळा जोर तिने गिळून टाकला. मावशीची छाती दबत नव्हती, अख्खी मावशीच खाली जात होती.

मामीने यांना खाली घ्या, जमिनीवर घ्या, असं सांगितलं. मामा जागचा हलेना. ताईला जमिनीवर कसं टाकू, फरशी गार आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

"गादी तुमची फार चांगली आहे हो," मामी म्हणाली, "म्हणूनच खाली घ्या."

मामाने बहिणीला काखेत धरलं, मी पाय धरले. फरशीवर आल्यावर मामी क्षणभर मावशीच्या तोंडाशी वाकली. तलावावर बुडालेल्याला आधी श्वास द्यायला शिकवतात. मग ती सरळ झाली. इथे कुणी बुडालं नव्हतं, इथे आधी दाबायचं होतं. फोनवरची बाईही तेच सांगत होती: आधी छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबा. आता मावशीची छाती खरंच खाली जात होती.

मामीला दम लागला तसं तिने मामाला बोलावलं. मला नाही येत, तो म्हणाला.

"रोज तर करता."

मामाने गुडघे टेकले. तळहातावर तळहात, कोपरं ताठ. दाबायचं आणि भार पुरता काढून घ्यायचा. त्याला काही सांगावं लागलं नाही. घाई मात्र करावी लागली. भरभर हो, गादी नाही ती, असं मामी ओरडत होती आणि मामा रडत रडत भरभर दाबत होता. दोघं आलटून पालटून दाबत राहिली. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी छातीला पट्ट्या चिकटवून विजेचा झटका दिला. त्यांच्यातल्या एकाने मनगट चाचपलं आणि होकारार्थी मान डोलावली. ठोके लागत होते.

मावशी वाचली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिली तक्रार फासळ्यांची. मोडल्या होत्या. मामाने मान खाली घालून कबुली दिली.

"लहानपणी तुला चोपायचे, त्याचं उट्टं काढलंस होय रे?" ती म्हणाली, आणि हसताना कळवळली. मग मामा तिला हसवतच राहिला. शेवटी नर्सने त्याला बाहेर काढलं.

पुढे मामाने एक लोड शिवला, ठासून भरलेला, माणसाच्या छातीएवढा. सुट्टीच्या दिवशी दुकानात फरशीवर तो ठेवतात आणि मामी येईल त्याला शिकवते: भाचरं, शेजारी, उशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. मावशी बाजूला खुर्चीत बसून गुण देते. परवा एक जाडजूड गृहस्थ हळुवार, थोपटल्यासारखे दाबत होते. मावशीने थोडा वेळ सहन केलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला, खुर्चीतून उठली आणि त्यांना सरकायला सांगून स्वतः फरशीवर बसली.

"एवढ्याशाने मी उठले नसते," ती म्हणाली आणि दाबायला लागली.

भरभर, ताई, भरभर, मामा शेजारून म्हणाला. मध्ये बोलू नकोस, आकडा चुकतो, असं त्याला दटावून ती मोजत राहिली, वर्गात मोजायची तशी, खणखणीत आवाजात.