नवाचा ताळा

दुपारची जेवणं उरकून, रात्रीच्या पोळ्यांसाठी परातीत पीठ चाळून ठेवून वृषाली स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी टेकते आणि तिची मान जड होते. तिला झोप कसली येतेय म्हणा! तात्या गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही. एक हात परातीत तसाच राहतो, डोकं टेबलावर कलतं, आणि समोरच्या खुर्चीवर तात्या बसलेले असतात.

"फुटला का गं आकडा?" ते विचारतात.

तात्या म्हणजे तिचे वडील, जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेले. बापलेकीचा एक खेळ होता. तिच्या वाढदिवसाला तात्यांनी दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार फोनवर सांगायचा, आणि हिने संगणकाला कामाला जुंपून त्याच दोन संख्या परत शोधून काढायच्या. यंदाचा आकडा मात्र वाढदिवसाआधीच आला, दवाखान्यातल्या खाटेवरून. डॉक्टर म्हणत होते, त्यांना भ्रम झालाय. तात्या फोनवर म्हणाले होते, "चोवीस अंकी आहे. दोनच तुकडे पडतील. पडले की समज मी शुद्धीत आहे, आणि मला घरी ने."

पडले नाहीत. सात निघाला, तेरा निघाला, नुसता भुगा झाला. मग हिनेही डॉक्टरांपुढे मान डोलावली. तात्या तिथेच गेले, नाकातोंडात नळ्या असताना.

"नाही फुटला," वृषाली म्हणते. ती वर्गात पहिल्या बाकावर बसलेली आहे, साडीतच. पंख्याच्या हुकाला सलाइनची बाटली टांगलेली आहे आणि तात्या दवाखान्याच्या झग्यात फळ्यापाशी उभे आहेत. ती घाईघाईने सांगू लागते, की तिने नवाचा ताळा घेतला होता, तात्यांच्याच पद्धतीने. सगळ्या अंकांची बेरीज करत करत शेवटी एकच अंक उरवायचा. तात्यांनी फोनवर सात सांगितला होता, तिचाही सातच आला होता. मग चूक तिची कशी असेल?

तात्या तिचं बोट धरतात. लहानपणी परातीतल्या पिठात आकडे गिरवून घ्यायचे, तसंच.

"मी दोन-दोन अंक सांगत होतो. त्रेसष्ट म्हटलं की तीन आधी येतात ना? घाईत तू तीन आधी लिहिलेस. छत्तीस झाले. बेरीज दोन्हींची नऊच. नवाच्या ताळ्याला अंकाची जागा कळत नाही, वृषाली. अकराच्या ताळ्याला कळते. तोही सांगणार होतो, तेवढ्यात नर्सबाईंनी फोन काढून घेतला."

छत्तीस. लिहिलेले आठवतात तिला. ती बाकावरून उठून त्यांचे पाय धरते.

"तात्या, तुम्हाला भ्रमच झाला होता. एवढं म्हणा. मला जगायचंय हो."

"भ्रम झालेला माणूस ताळा सांगेल का गं?" ते म्हणतात. आवाजात राग नाही, आणि तेच तिला सोसवत नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग ते खाटेवर आडवे होतात आणि म्हणतात, चल, ने आता घरी. ती खाट ओढते. फळा मागे राहतो, दवाखान्याचा लांबलचक बोळ संपतो, समोर तिच्या स्वयंपाकघराचं दार येतं. खाट दारात अडकते. ती जीव खाऊन ओढते, खाट हलत नाही. तात्या शांतपणे छताकडे बघत पडून आहेत.

बाहेर भाजीवाला ओरडतो आणि तिला जाग येते.

बोटाला पीठ लागलेलं आहे. परातीत, चाळलेल्या पिठावर, ठसठशीत लिहिलंय: ६३.

ती तशाच पिठाच्या बोटांनी संगणक उघडते, छत्तीसच्या जागी त्रेसष्ट करते. क्षणभर काहीच होत नाही. ती मनात म्हणते, देवा, भुगा होऊ दे.

दोन तुकडे पडतात. दोन्ही बारा अंकी, दोन्ही मूळ.

उन्हं कलतात. पोळ्यांची वेळ होते आणि निघून जाते. ते पीठ मळायला तिचा हात होत नाही.