एकशे अठराचं दार

वस्तीत घर कुणाच्याच मालकीचं नव्हतं, दार मात्र ज्याचं त्याच्या मालकीचं होतं. भिंती काय, पत्र्याच्या नाहीतर फळकुटांच्या. त्या मागे ठेवून गेलं तरी कुणाला हळहळ वाटत नसे. दार मात्र लाकडाचं घ्यायचं, आणि बिऱ्हाड हललं की भांड्यांच्या आधी ते उतरवायचं, ही तिथली रीत. नवा शेजारी आला की लोक आधी त्याचं दार वाजवून बघत आणि मग नाव विचारत.

या सगळ्या दारांची डॉक्टर म्हणजे रंधाकाकी. नवरा सुतार होता. त्याच्या हाताखाली ती आधी नुसती फळी धरायची, मग करवत धरायला शिकली, आणि नवऱ्याची छाती धरायला लागल्यावर रंधाही तिच्याच हातात आला. तो इतका चांगला आला की तिचं खरं नाव मागे पडलं. फुगलेलं दार असो, लागत नसलेली कडी असो, काकी यायची, डोळा बारीक करून बघायची आणि रंधा मारायची. कुठलंही लाकूड खरबरीत दिसलं की तिचे हात शिवशिवत. या सवयीनं पुढे घात केला, पण ते पुढे.

वस्तीच्या मागे लांबलचक भिंत होती. भिंतीपलीकडे मोकळी जमीन, आणि तिच्यावर ‘प्रवेश बंद’ असा फलक चाळीस वर्षं उभा. आत काय राखताहेत हे फलक रंगवणाऱ्यालाही माहीत नसावं. एक पहारेकरी होता, तो गवत राखायचा. अलीकडे हजारभर बिऱ्हाडं एकमेकांच्या उरावर, आणि पलीकडे गवत ऐसपैस.

शेवटी हुकूम निघाला. जमिनीवरची बंदी उठली. तिथे इमारती होणार आणि वस्तीतल्या माणसांना त्यात खोल्या मिळणार. नळ घरात, संडास घरात. भिंतीला भगदाड पाडून यंत्रं आत गेली तेव्हा बायका पोरं कडेवर घेऊन बघायला गेल्या आणि हसत परत आल्या. मग खोली कुणाला मिळणार ते कळलं आणि हसू आटलं.

अकरा वर्षांपूर्वी वस्तीची मोजणी झाली होती. तेव्हा प्रत्येक दारावर लाल रंगानं आकडा टाकला होता, आणि सरकारी यादीत त्या आकड्यासमोर नाव होतं. आता यादीवाले घरोघर येणार. यादीतला आकडा यादीतल्या माणसाच्या दारावर दिसला तर फोटो, सही, खोली. दिसला नाही तर नाही. नव्यानं रंगवलेला आकडा चालणार नाही. कागद तर अजिबात चालणार नाहीत, कारण कागद छापून देणारे वस्तीतच तिघं होते.

म्हणजे मोजणीवाल्यांनी आकडा टाकला तो वस्तीतल्या एकुलत्या एका हलत्या वस्तूवर. त्यांना काय माहीत! वस्तीला माहीत होतं, पण वस्तीला कुणी विचारलं नव्हतं.

हे ऐकलं तेव्हा रंधाकाकीनं आधी आपल्या दाराकडे पाहिलं. तिच्या दारावर आकडाच नव्हता. तिचं दार म्हणजे प्लायचा एक तुकडा होता.

तिचं खरं दार सागाचं, नवऱ्यानं स्वतः घडवलेलं. मोजणीत त्यावर ११८ पडला होता. रंगवणाऱ्याचा डबा पातळ होता की हात, कोण जाणे. आठाच्या पोटातून लाल ओघळ निघाला तो थेट दाराच्या तळापर्यंत उतरला. नवरा चिडला होता. पुढे दोनच महिन्यांनी त्याच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे काकीच्या नणंदेचं, दार कुजून पडलं. नणंद विधवा, घर वस्तीच्या टोकाला भिंतीला टेकून, आणि घरात दोन वयात आलेल्या मुली. काकी नवऱ्याला म्हणाली, आपल्या घरात चोरण्यासारखं आहे काय, दार वन्संना देऊ. त्याच दिवशी तिनं ते स्वतः नेऊन बसवलं. नणंदेची चौकट ठेंगणी, म्हणून दार खालून चार बोटं कापावं लागलं. चांगलं काम होतं ते, मनापासून केलेलं. लाल आकड्याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. अशा मोजण्या आधीही होऊन गेल्या होत्या, आणि त्यांतून आजवर आकड्यांखेरीज काही निघालं नव्हतं.

आणि नणंदेचं कुजकं दार, ज्यावर ३०४ होता? ते काकीनं घरी आणलं होतं.

आता दार मागायला जायचं तर कुणी कुणाकडे जायचं? तीन वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. काकीचा नवरा गेला त्या दिवशी नणंद भरल्या घरात म्हणाली होती, “तुझ्या रंध्याच्या भुश्यानं माझ्या भावाची छाती भरली.” काकी घरातच काम करायची हे खरं होतं. गल्लीत बाकडं मांडलं की शेजारी कटकट करत. तो आत खाटेवर खोकायचा आणि ती त्याच्यापासून दोन हातांवर रंधा मारायची, कारण दोघांचं पोट त्या रंध्यावर होतं. काकीनं उत्तर दिलं नाही. नणंदेला ते गुर्मीचं वाटलं. मुली लग्न होऊन लांब गेल्या, नणंद एकटी राहिली, तरी ती भावाच्या घरची पायरी चढली नाही.

ती चढली यादीवाल्यांच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता.

“माझं दार दे,” नणंद उंबऱ्यातूनच म्हणाली. “ते वरच्या गल्लीत आलेत. दुपारपर्यंत माझ्याकडे येतील. तीनशे चारपुढे माझं नाव आहे, आणि माझ्या दारावर तुझा एकशे अठरा. तुझं तू घे, माझं मला दे.”

काकी बाकड्यावर हात ठेवून उभी होती. रात्रभर तिला याच प्रश्नाची भीती वाटत होती.

“वन्सं, आत या.”

“आत नको. दार कुठाय?”

काकीनं बाकड्यावरची हत्यारं एकेक करून खाली ठेवली. मग बाकडं उचलून उलटं केलं. चार पाय वर झाले. बाकड्याच्या माथ्याच्या दोन फळ्या एका जुन्या दाराच्या होत्या, कडीची भोकं अजून दिसत होती.

नणंद आत आली. वाकली. फळीच्या खालच्या अंगावरून हात फिरवला, मग बाकडं कलतं करून वरच्या अंगावरून. दोन्हीकडून फळी मऊ होती, लहान मुलाच्या गालासारखी.

“आकडा?”

“कुजलेला थर होता वर. मी रंधा मारला.”

“दोन्ही बाजूंनी?”

“दोन्ही बाजूंनी.”

नणंदेचा हात फळीवरच होता. बाहेर कुणीतरी पळत गेलं, यादीवाले नळाच्या कोपऱ्यापर्यंत आले असं ओरडत. काकीला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि तिनं द्याव्यातच. अकरा वर्षं आपण हिच्या खोलीवर करवत ठेवून लाकूड कापत होतो, असं मनात येऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तू जिथे हात लावशील तिथे काही शिल्लक ठेवायची नाहीस,” नणंद शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागला. मग ती वळली. “चल. पेचकस घे. माझं तर गेलंच. निदान माझ्या भावाचं नाव तरी राहू दे.”

दोघी साठीच्या आसपासच्या बायका, आणि नणंदेच्या चौकटीतून उतरवलेलं सागाचं दार. नणंदेनं पुढून धरलं, काकीनं मागून. गल्ली इतकी अरुंद की दार उभं करून तिरकं न्यावं लागे. वाटेत पानवाला म्हणाला, “काकी, जपून. काल दोघांची नावं कापली. मेलेल्यांची दारं विकत घेऊन लावली होती. आता यादीवाले स्क्रू बघतात. चकचकीत दिसला की खोटं.”

काकीनं दारावरची पकड घट्ट केली. दार खरं, आकडा खरा, नाव खरं, पण लावणार आज. खरं दार त्याच्या जागी बसवलं की तीच लबाडी दिसणार होती. तिनं नणंदेकडचेच जुने गंजके स्क्रू खिशात टाकले होते, तेवढं एक बरं होतं.

प्लायचा तुकडा काढला आणि चौकटीत दार चढलं. बिजागऱ्या जुन्या खाचांमध्ये बरोबर बसल्या. नवऱ्यानं पाडलेल्या खाचा त्या, कशा चुकतील. शेवटचा स्क्रू आवळला आणि गल्लीच्या तोंडाशी यादीवाली आली. तिशीची मुलगी, उन्हानं काळवंडलेली, हातात फळीला लावलेले कागद. मागे फोटोवाला. तिच्याशी सकाळपासून लोक खोटं बोलत होते आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“एकशे अठरा.” तिनं नाव वाचलं. “तुमचे कोण?”

“मालक माझे. वारले.”

मुलीनं आकडा पाहिला. मग ती खाली बसली आणि दाराच्या तळाशी बोटं घातली. चार बोटं सहज आत गेली.

“दार या चौकटीचं नाही.”

“आहे, मॅडम.”

“स्क्रू जुने आहेत, पण खाचेत ताजे ओरखडे आहेत.” तिनं उंबऱ्यावरचा भुसा चिमटीत घेतला. “आणि हा ताजा आहे. आत्ताच लावलंय. कुणाकडून घेतलं?”

आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली खोट काढणाऱ्या काकीला ती पोरगी आवडली, आणि त्याच वेळी तिची भीतीही वाटली. मुलीनं लेखणी काढली होती. एक रेघ मारली की संपलं. काकी त्या लेखणीच्या टोकाकडे बघत राहिली.

“पट्टी दाखव,” मागून नणंद म्हणाली.

“काय?”

“कापलेला तुकडा. तू पिशवीत टाकला होतास. माझ्या समोर.”

काकीनं हत्यारांची पिशवी उपडी केली. छिन्न्या, कानस, पेन्सिली, आणि त्यांच्यात एक चार बोटं रुंदीची सागाची पट्टी. अकरा वर्षं ती याच पट्टीनं रेघा आखत आली होती. नवऱ्याच्या हातचं लाकूड म्हणून जपलेली. वस्तीतलं हे एकच लाकूड असेल, ज्याला तिनं कधी रंधा लावला नव्हता.

ती गुडघ्यावर बसली आणि पट्टी दाराखाली सरकवली. लाकडाच्या रेषा रेषांना मिळाल्या. आणि आठाच्या पोटातून उतरलेला लाल ओघळ दाराच्या कडेशी तुटला होता, तो पट्टीवर पुढे चालू झाला आणि तळाशी थेंब होऊन थांबला.

यादीवाली मुलगी त्या ओघळावरून बोट फिरवत राहिली. “कापलं का होतं?”

काकीनं सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, कुजलेलं दार, मुली, ठेंगणी चौकट, आणि बाकडंही. ते सांगायची गरज नव्हती. मुलगी आत जाऊन बाकड्यावरून हात फिरवून आली.

“एकशे अठरा मी खरा धरते,” ती म्हणाली. “पण तीनशे चारला माझ्याकडे काही उपाय नाही. आकडा नाही, तर नाव कापावं लागेल. माझ्यावरही बघणारे आहेत.” मग तिनं कागद पुढे केला. “एकशे अठरात राहणार कोण कोण? तुम्ही एकट्याच?”

काकीनं नणंदेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धीर झाला नसता.

“दोघी,” ती म्हणाली. “मी आणि माझी नणंद. एकच कुटुंब आहे.”

“एकत्र राहता?”

“राहू.”

“मावशी, खोली एकच मिळेल. लहान आहे. एकदा लिहिलं की दोघींचा हक्क, पुढे बदलता येणार नाही.” मुलगी आता नणंदेकडे वळली. “तुम्हाला चालेल?”

गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. तीन वर्षं या दोघी नळावर एकमेकींना पाठ करून उभ्या राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

नणंद दाराशी आली. तिनं आकड्यावर तळहात ठेवला, दार थोडं ढकललं, आतली रिकामी खाट पाहिली. खाटेजवळ उलटं पडलेलं बाकडंही पाहिलं.

“लिहा,” ती म्हणाली. “पण रंधा बाहेर मारायचा. खोलीत नाही.”

“बाहेरच मारीन,” काकी म्हणाली.

“तेव्हाच मारायचा होतास.”

तीन वर्षं काकीनं या वाक्याची उत्तरं मनात रचली होती. गल्ली अरुंद होती, शेजारी भांडत होते, पोटाला काय खाल्लं असतं. सगळी खरी होती. पट्टी अजून तिच्या हातात होती.

“हो,” ती म्हणाली. “तेव्हाच मारायला हवा होता.”

नणंदेनं मान हलवली, आणि फोटोसाठी ती दाराच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, उजवीकडे वहिनीपुरती जागा सोडून.