बिनखोडीची पेटी

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या ह्यांना खोड आहे ती दुसऱ्याच्या खोडी सांगायची. माणसांच्या नव्हे, बैलांच्या. बेल्ह्याच्या बैलबाजारात यांचं उभं आयुष्य गेलं. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे हे, खांद्यावर पंचा टाकून. भाव ठरवायचा तर तोच पंचा हातांवर पसरायचा आणि खाली बोटं दाबून बोलायचं, म्हणजे भोवतालच्यांना काही कळत नाही. पण पंचा पसरण्याआधी हे मोठ्यानं सांगणार, "हा डाव्या अंगानं शिवला की लाथ मारतो. पसंत असंल तर पुढं बोला." तिकडं विकणारा कपाळाला हात लावून बसलेला असतो.

मी शीला, यांची बायको. मला राग लवकर येतो आणि तो मी लपवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, हा माणूस धंदा करतोय की धंदा मोडतोय? दलालानं कसं गोड बोलावं. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. आणि हे असं बोलायचे की बोलूनसुद्धा गहू पडून राहावेत. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण पुढं बघितलं, तर लांबलांबची माणसं बाजारात आली की आधी यांनाच शोधायची. "सोपानभाऊ कुठं हायेत?" कारण बैल घरी नेल्यावर कुठं अडेल ते इथंच कळलेलं असायचं. मग मी बोलायचं सोडलं. म्हणजे कमी केलं.

तेजस्विनी ही यांच्या बहिणीची मुलगी. आण्याच्या पठारावरून शाळेसाठी रोज खाली-वर नको म्हणून पाचवीपासून आमच्याकडं राहिली. आम्हाला मूल नाही. म्हणजे नव्हतं; ती आली आणि झालं. पुढं पुण्याला गेली, इंजिनिअर झाली आणि मग उष्णता साठवून ठेवायच्या संशोधनाला बसली. बसली म्हणजे वर्षानुवर्षं बसली. लग्नाचं काढलं की म्हणायची, "मामी, आधी दगड तर तापू दे."

शेवटी तापले एकदाचे. कपाटाएवढी पत्र्याची पेटी, वर काच, आत जाळीचे ट्रे आणि तळाला तिनं भट्टीत भाजून बनवलेले काळे दगड. दिवसा काचेतून ऊन आत येतं, दगड तापतात आणि दिवस मावळल्यावर रात्रभर ऊब सोडत राहतात. वीज नको, डिझेल नको. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला घाटघरकडं आणि शेजारी आंबेगावात डिंभ्याच्या वरच्या गावांतून लोक उन्हाळ्यात रानातला बाळहिरडा गोळा करतात. औषधाला जातो तो. अंगणात वाळत घातला आणि वळीव कोसळला की त्याला बुरशी धरते, मग व्यापारी हात लावत नाही. त्या हिरड्यासाठी ही पेटी.

पुण्यात एक संस्था आहे. असं काही शोधून काढणाऱ्या पोरांना ती हाताशी धरते, यंत्र बनवायला मदत करते आणि ते लोकांपर्यंत न्यायचं कसं तेही शिकवते. त्यांची अट एवढीच, की पावसाळ्याआधी एका तरी गावानं पेटी आपणहून, स्वतःच्या पैशानं घ्यायला हवी. नाही घेतली तर संस्था हात काढून घेणार. मग तेजस्विनी बंगळुरूला नोकरीला आणि पेटी पुण्यातल्या कुठल्यातरी शेडमागं गंजायला.

म्हणून ती एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, मला विकायला शिकवा."

लॅपटॉप उघडून तिनं सगळं दाखवलं. हे मन लावून बघत होते. इंग्रजी आलं की मान डोलवत होते. झाल्यावर म्हणाले, "गुण कळलं. आता खोड सांग."

"खोड नाही, मामा, मर्यादा म्हणतात. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर आहे."

"मग ती पहिली आण."

"संस्थेतले आमचे सर म्हणतात, मर्यादेनं सुरुवात करू नका. आधी लोकांना उपयोग दिसू द्या, विचारलं की खरं ते सांगा."

सरांचंही काही चुकीचं नव्हतं. ती स्लाइड मी वाचली. सलग तीन दिवस ऊन पडलं नाही तर दगड गार होतात, बंद पेटीत दमट हवा कोंडते आणि हिरड्याला अंगणापेक्षा लवकर बुरशी धरते. तेव्हा ट्रे काढून घरात चुलीच्या उबेला पसरायचे. एवढंच. पण ठाऊक नसेल तर अख्खा माल जायचा.

हे म्हणाले, "पोरी, बिनखोडीचा बैल म्हंजी फकस्त नंदी. त्यो देवळात बसतो. त्याला कुणी औताला धरत न्हाई."

तेजस्विनी हसली, पण स्लाइड काही पुढं आणली नाही.

घाटघरला बायकांचा बचत गट आहे. लंकाबाई त्याची अध्यक्ष. तिचा नवरा सोमाजी आमच्या ह्यांच्या ओळखीचा, दोन-तीन बैल यांच्या मध्यस्थीनं नेलेला. लंकाबाईनं पेटी बघायचं कबूल केलं, पण म्हणाली की सौदा तुमच्या बाजाराच्या रीतीनं करू, भाव शेजारच्या वाड्यांना आधीच कळायला नको. झालं, यांची झोप उडाली. बाईमाणसाचा हात पंच्याखाली धरायचा कसा? जन्मात कधी तशी वेळ आली नव्हती. चार दिवस विचार करून मला म्हणाले, "तू चल."

"मी काय तुमचा पंचा आहे?"

"पंचा मी घेतो. हात तुजा."

पुतण्याची पिकअप घेतली, मागं पेटी बांधली आणि निघालो; हे चालवायला, आम्ही दोघी शेजारी. आळेफाटा, जुन्नर करत आपटाळ्यापर्यंत हे मला बोटांची भाषा शिकवत होते. कुठलं बोट किती आणि मूठ वळली तर काय. मी हो हो म्हणत होते, एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. आपटाळ्याच्या पुढं तेजस्विनीला सरांचा फोन आला. ती नुसतं म्हणत राहिली, हो सर, कळलं सर. फोन मांडीवर ठेवून खिडकीकडं तोंड केलं.

"काय गं?" मी विचारलं.

"बाकीच्या गावांनी नाही म्हटलंय, मामी. घाटघर शेवटचं. आज नाही झालं तर आवरायला सांगितलंय."

आणि रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. दहावीच्या निकालालासुद्धा ही पोर रडली नव्हती. मी तिचं डोकं जवळ घेतलं. यांनी एकदा वळून बघितलं. चावंडाच्या चढाला गिअर खडखडला, तरी यांचं लक्ष नव्हतं.

लंकाबाईच्या पडवीत गटाच्या बायका जमल्या होत्या. कोरा चहा झाला. तेजस्विनीनं पेटी उघडून दाखवली आणि अगोदर वाळवून आणलेला हिरडा सगळ्यांच्या हातात दिला. लंकाबाईनं तो मुठीत खुळखुळवून बघितला, दाताखाली फोडून बघितला आणि शेजारणीकडं बघून मान हलवली. मला हायसं वाटलं. मग ती माझ्या समोर येऊन बसली. हे पंचा द्यायला लागले तर म्हणाली, "राहू द्या भाऊ, पदर हाये की." आणि तिनं आपला पदर आमच्या हातांवर ओढला.

तिचा हात खरखरीत आणि ऊन होता. मी एक बोट दाबलं, तिनं दोन दाबली. मी अंगठा दाबला. ती माझ्याकडं बघायला लागली. तेव्हा लक्षात आलं की बोटांची भाषा तिलाही येत नाही. दोघी एकमेकींची बोटं चाचपत बसलो होतो आणि सगळ्यांना वाटत होतं, सौदा चाललाय. मला हसू आवरेना. शेवटी तिनंच कानाशी येऊन तीन पेट्यांचा भाव सांगितला. मी यांच्या कानात सांगितला. ठीक होता.

"जमलं म्हणायचं," लंकाबाई म्हणाली. "पर आधी खोड सांगा."

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला सोमाजी बायकांना म्हणाला, "ऐका आता. भाऊ खोड सांगितल्याबिगर दावं हातात देत न्हाईत."

सगळ्या यांच्याकडं बघायला लागल्या. यांनी तेजस्विनीकडं बघितलं. तिचे डोळे अजून लाल होते. मग यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "खोड न्हाई."

"कायबी न्हाई?"

"न्हाई. बिनखोडीची हाये."

इतकी वर्षं हा माणूस खोड सांगतो म्हणून मी चिडले आणि त्या दिवशी सांगितली नाही म्हणून चिडले. राग आला, आणि रागाहून जास्त माया आली. पोरीसाठी यांनी जवळचं होतं नव्हतं ते टाकून दिलं होतं. इस्टेट कुठली होती आमच्याकडं? शब्द होता तेवढा. सोमाजीनं ते ऐकलं. टेकलेला होता तो सरळ झाला. बैल पारखताना बघतात तसा यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

तेजस्विनी उठून उभी राहिली.

"मामा खोटं बोलतायत," ती म्हणाली. "खोड आहे. मी सांगते."

"तू गप बस," हे म्हणाले.

"नाही बसणार. माझ्यापायी बोलले ते. आजवर कधी बोलले नाहीत, तुम्हालाच ठाऊक आहे." मग तिनं सगळं सांगितलं. तीन दिवसांचं, गार पडणाऱ्या दगडांचं, कोंडलेल्या हवेचं, बुरशीचं. स्लाइडवर जे लिहिलं होतं त्याच्याहून जास्त सांगितलं. एकदा प्रयोगात अख्खा माल फुकट गेला होता, तेही सांगितलं. सांगताना आवाज फाटत होता, पण थांबली नाही.

बायकांत कुजबुज सुरू झाली. हे खाली मान घालून बसले होते, त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मला वाटलं, गेलं सगळं. पेटीही गेली आणि यांचा शब्दही गेला. मग ध्यानात आलं की लंकाबाईनं पदराखालून हात काढून घेतलेला नाही.

"धुकं असलं तर चालतं का?" तिनं तेजस्विनीला विचारलं.

"सकाळचं धुकं चालतं. दुपारी ऊन पडायला हवं."

"आन् ट्रे काढायचं ते आमाला कळंल कसं?"

"आत हात घालून बघायचा. दगड गार लागले की काढायचे."

"येवढं तर पोरंबी करत्याल," लंकाबाई म्हणाली. मग बायकांशी बोलली, बराच वेळ बोलली. दोघीतिघी नकोच म्हणत होत्या. शेवटी गटानं एक पेटी घ्यायची ठरवली. आधी तीनचं बोलणं होतं, ते एकावर आलं. संस्थेला तेवढं पुरलं. पावसाळाभर तेजस्विनीला आणखी मुदत मिळाली. पुढचं पुढं.

यांना मात्र ते पुरलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटे उठले, आंघोळ केली आणि परत अंथरुणावर बसले.

"जायचं नाही?" मी विचारलं.

"ज्याचा शबूद गेला त्यानं मधी उभं ऱ्हाऊ नये."

"अहो, एकदा बोललात खोटं. एकदाच."

"एकदाच पुरं असतं," हे म्हणाले.

तेजस्विनीचे फोन यायचे, ते मीच घ्यायचे. ती विचारायची, मामा काय म्हणतात? मी म्हणायचे, जेवतात. मी रागावून बघितलं, गोड बोलून बघितलं, दोन दिवस अबोला धरला. यांना तो अबोला कळलासुद्धा नाही, कारण हे स्वतःच बोलत नव्हते. असे बाजारामागून बाजार गेले. लोक रस्त्यात विचारायचे, भाऊ आजारी आहेत का? मी हो म्हणायचे. खोटंही नव्हतं ते.

मृग तोंडावर आला तेव्हा, बाजाराच्याच दिवशी, सोमाजी आमच्या दारात उभा. घाटघरहून आला होता. भाताच्या चिखलणीला त्याला एक बैल हवा होता. मी चहा ठेवला. हे बाहेर आले, त्याच्यासमोर बसले, पण नजर वर नाही.

"सोमाजीभाऊ, दुसरं कुणी मधी घ्या," हे म्हणाले. "तुमच्या म्होरं मी खोटं बोललो."

"बोलला," सोमाजी म्हणाला आणि चहा बशीत ओतला. "सगळ्यांनी ऐकलं. आमी येवढी वरसं तुमच्याकडनं बैलांच्या खोडी ऐकल्या, तुमची काय ती ठावं नव्हती. आता कळली. भाचीपायी खोटं बोलता."

यांनी मान वर केली.

"मग पुढल्या वक्ताला भाचीची वस्तू घेताना आमी भाचीलाच इचारू." त्यानं बशी संपवली आणि मिशा पुसल्या. "बैल काय तुमचा भाचा न्हाई. चला."

हे उठले. मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं, आणि चपला घालून त्याच्यामागं निघाले.