गावाले इचारलं काय?

मावसकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत भाजी घेत होते. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून घरी आले. झोपेतच गेले म्हणे. जन्मात कधी घाई न केलेला माणूस, आणि जायची तेवढी घाई केली… खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला मला.

सर आमच्या अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवायचे, मी वनस्पतिशास्त्र. मूळचे धारणीकडचे, कोरकू आदिवासी. त्यांच्याएवढं हळू बोलणारं आणि त्यांच्याएवढं हट्टी आमच्या स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. कॉलेजात कोरकूंच्या जाणतेपणाचा सोहळा व्हावा, रानभाज्या, बियाणं, झाडपाला, गाणी, सगळं त्यांच्याच माणसांनी येऊन शिकवावं, ही कल्पना त्यांची. आम्ही मोठ्या हौसेनं कामाला लागलो आणि पहिल्याच वर्षी माती खाल्ली. सर रजेवर गावी गेलेले असताना तारीख ठरवून मोकळे झालो. अकोल्याचे प्रमुख पाहुणे ज्या दिवशी रिकामे, तो दिवस. सर परत आले तोवर पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. त्यांनी पत्रिका वाचली आणि एवढंच म्हणाले, "गावाले इचारलं काय?"

नव्या हंगामातली भाजी आधी देवाला दाखवायची, मग तोडायची, अशी त्यांच्या गावाची रीत. त्या वर्षी ती पूजा अजून व्हायची होती. ठरल्या दिवशी सरांची थोरली बहीण फुलाबाई चार बायांना घेऊन आली, आणि पाचही जणींच्या टोपल्या रिकाम्या! मंडपात खसखस पिकली. तेव्हाचे प्राचार्य लालबुंद. मी सरांना कोपऱ्यात गाठलं. "अहो, बाजारातून चार जुड्या आणून मांडू का?"

"मॅडम, खोटी भाजी मांडून खरं काय शिकवाल?" सर म्हणाले.

मग फुलाबाई रिकाम्या टोपलीमागे बसली आणि भाजी का आणली नाही तेच सांगायला लागली. कोवळी असतानाच सगळी खुडली तर बी कुठून धरणार, पुढच्या साली पोरं काय खाणार… पोरांचं हसू थांबलं. पाहुणे तर घड्याळ बघायचंच विसरले.

तेव्हापासून तारीख गाव ठरवायचं. दरवर्षी कोणी ना कोणी कुरकुरायचं आणि सर आपले तेच तीन शब्द म्हणायचे. ते गेल्यावर मला धास्ती होती ती याचीच. आता कोण विचारणार गावाला? सोयीचा एखादा दिवस धरतील, बाजारातली भाजी मांडतील, फोटो काढतील, झालं! सरांनी इतक्या वर्षांत जमवलेलं त्यांच्यामागे मातीमोल होणार, या विचारानं घास गोड लागत नव्हता.

गेल्या आठवड्यात मीटिंग झाली. नवे प्राचार्य कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांचं बोट फिरत फिरत एका शनिवारावर थांबलं आणि मी पदर खोचला. आता भांडायचंच. पण माझ्याआधी आमची विद्यार्थी प्रतिनिधी कोमल बोलली. अंजनगाव सुर्जीच्या माळ्याची पोर ही, कोरकूचा एक शब्द येत नाही तिला.

"सर, गावाले इचारलं काय?"

प्राचार्यांनी बोट उचललं. "मग विचारा ना," म्हणाले. इतकं सोपं होतं होय हे!

मी तिथूनच फुलाबाईला फोन लावला. "पूजा व्हाची हाय अजून. झाली का कळवतो," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमाले बरं ध्यान रायलं?"

"ध्यान होतं. पण विचारलं एका पोरीनं."

"आमच्यातली हाय काय?"

"नाही. अंजनगावची, माळ्याची."

"मंग माहा भाऊ मोकळा झाला, बाई."

त्या दिवशी मी पोटभर रडले आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

आता व्हरांड्यातल्या फळ्यावर नोटीस लागली आहे. कार्यक्रमाचं नाव आहे, जागा आहे, प्राचार्यांची सही आहे, फक्त तारखेपुढे काहीच नाही. परवा एक पालक ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "अहो, तारीख लिहाची रायली तुमची."

क्लार्कनं मानही वर केली नाही. म्हणाला, "रायली नाही भाऊ. भाजी अजून लहान हाय."