कुंकवाच्या गोवऱ्या

नोकरीत असताना आमच्या घराला मागची बाजू आहे हे मला फारसं ठाऊक नव्हतं. सकाळी पुढच्या दारानं बाहेर पडायचं आणि संध्याकाळी पुढच्याच दारानं आत यायचं. बुलढाण्यात सरकारी कचेऱ्यांना तोटा नाही. त्यातल्याच एकीत मी चौतीस वर्षं फायली ओळीनं लावल्या. मागच्या अंगणात काय चाललंय ते मला ताटात कळायचं. वांगी, मेथी, चवळीच्या शेंगा, गंगाफळ. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, तुमच्याकडे काशीफळ म्हणत असतील. हे सगळं येतं कुठून असं कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर मी मागं गेलो आणि पाहतो तर सगळा गोंधळ. कांद्यात कोथिंबीर, वांग्यात झेंडू, लिंबाच्या कडेनं पुदिना पसरलेला. मी पहिल्याच आठवड्यात दोरी धरून वाफे सरळ केले आणि पुठ्ठ्याच्या पाट्या करून प्रत्येक वाफ्यात नाव लिहून खोचलं. बायकोनं त्यातली ‘भेंडी’ लिहिलेली पाटी उपटली आणि शेजारच्या वाफ्यात नेऊन लावली. मी भेंडी समजत होतो ती अंबाडी होती.

मागच्या अंगणात आणखी दोघांचा मुक्काम असतो. एक मांजर, ती कुणाचीच नाही आणि तसं दाखवतेही. आणि एक पिवळट कुत्रा, बायकोच्या मागंमागं एस.टी. स्टँडवरून घरी आलेला. त्याला नाव नाही. बायको त्याला ‘ये बे’, ‘बस बे’ म्हणते, त्यामुळं ‘बे’ हेच आपलं नाव असा त्याचा समज झालाय, आणि रस्त्यानं कुणी मित्राला ‘काय बे’ म्हणून हाक मारली की हा शेपूट हलवत तिकडे हजर होतो.

त्या माघ महिन्यात एका दुपारी हा कुत्रा तोंडात गोवरीचा तुकडा धरून पळताना मला दिसला. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून मागच्या चुलीवर तापतं आणि त्याला गोवऱ्या लागतात. जळणाची नासाडी करतो म्हणून मी त्याला चप्पल फेकून मारली. लागली. तो लिंबापलीकडे पळाला आणि पुढं दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसला. शिस्त लावली या समाधानात मी ही गोष्ट कुणाला सांगितलीही नाही.

होळीच्या आधी बायकोच्या वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बायको सोनाळ्याला, माहेरी गेली. होळीच्या गोवऱ्या मागं ठेवल्यात, असं जाताना सांगून गेली. होळीच्या संध्याकाळी मी मागं आलो. न्हाणीच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला, तीन गोवऱ्या थापलेल्या होत्या. एकसारख्या गोल, आणि प्रत्येकीच्या मधोमध कुंकवाचं बोट. पूजेची गोवरी याहून वेगळी काय असणार? खाली पोत्यात बिनकुंकवाच्या साध्या गोवऱ्या होत्या, त्या मला चुलीच्या वाटल्या.

खुरप्यानं सोडवून मी त्या तिन्ही काढल्या. एकीचा कोपरा मोडला तेव्हा आत काहीतरी चपटं, पांढरं दिसलं. शेणात काय वाटेल ते असतं, म्हणून सोडून दिलं. चौकात नेऊन नारळाबरोबर होळीत टाकल्या. त्या फटफट करून उडाल्या. शेजारी म्हणाले, गोवऱ्या छान वाळल्यात. मी मान डोलावली.

चार दिवसांनी बायको आली. हातातली पिशवी खाली न ठेवता ती मागं गेली, आणि बराच वेळ आलीच नाही. मी गेलो तर ती त्या भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर शेणाचे तीन गोल डाग राहिले होते, आणि थोडा बाजूला चौथा, जुना. मी उत्साहानं सांगितलं, होळी कशी छान झाली ते.

तेव्हा मला ते कळलं, जे तिच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेलावरचं सगळ्यात चांगलं गंगाफळ खायचं नसतं. देठ वाळेपर्यंत ते वेलावरच राखायचं. मग त्याचं बी ओल्या शेणात कालवून भिंतीवर थापायचं. त्याला कीड लागत नाही, ओल लागत नाही, आणि मृगात ती गोवरी कुस्करून मातीत घालायची. चुकून कुणी चुलीत घालू नये म्हणून तिला कुंकू लावायचं. म्हणजे जाळू नका म्हणून जी खूण होती, तीच पाहून मी त्या जाळल्या होत्या.

ते बी तिच्या आईचं होतं. लग्नात तिच्या आईनं ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून एक गोवरी दिली होती. त्या एका गोवरीतून बत्तीस वर्षं, दर साली नवं फळ आणि नवं बी. आई जाऊन नऊ वर्षं झाली. सोनाळ्याचं माहेरचं अंगण आता फरशीचं आहे. आणि मी बत्तीस वर्षं ते गंगाफळ खात होतो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, “माह्या मायच्या हातचं एवढंच होतं माह्यापाशी.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, चौथी गोवरी गळून पडली ती कुठं गेली. तेव्हा मला तो कुत्रा आठवला, ती चप्पल आठवली, आणि मी तिला ते सांगितलं. आम्ही दोघांनी कुत्र्याकडे पाहिलं. त्यानं जांभई दिली. तरी तिनं सगळं अंगण पालथं घातलं, लिंबाखाली, चुलीमागं, पोत्यांखाली. काही मिळालं नाही. खाल्लं असेल त्यानं, असं ठरवून आम्ही तो विषय सोडला.

चैत्रात आम्ही दोघं सोनाळ्याला गेलो, बी शोधायला. राजूर घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चटका बसायला लागतो. पुढं दोन गाड्या बदलून सातपुड्याचा डोंगर समोर आला तशी बायको खिडकीकडे सरकून बसली. मला आशा होती. एवढं मोठं गाव, शेतीचं, कुणाकडे तरी असेलच. तिच्या वहिनी काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आता कोन ठेवते बी? पाकिट आनतो अन् लावतो.” आम्ही गल्लीतली घरं फिरलो. एका म्हातारीला त्या गंगाफळाची चव आठवत होती. गर केवढा जाड असायचा ते तिनं बोटांनी दाखवलं. बी मात्र कुणाकडेच नव्हतं. जिवंत वस्तू गावातून अशी निघून जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे पाहून मी हबकलो.

परतीच्या गाडीत तिच्या मांडीवर वहिनींनी दिलेलं बियांचं चकचकीत पाकीट होतं. घाट चढताना मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, तुम्ही काय मुद्दाम केलं? त्यानं मला जास्तच लागलं. ते पाकीट तिनं फ्रीजवर ठेवलं आणि परत हात लावला नाही. हळूहळू तिचं मागं जाणंही कमी झालं. पाणी घालणं माझ्याकडे आलं. वाफे आता सरळ होते, पाट्या बरोबर होत्या, आणि तिथं उभं राहवत नव्हतं.

अक्षयतृतीयेच्या आसपास, काहीतरी करायचं म्हणून, मी लिंबाचं आळं हातभर वाढवलं. पाणी पहिल्यांदाच पलीकडच्या कोरड्या मातीपर्यंत गेलं. ओल झाली तशी कुत्र्यानं आपली दुपारची झोप तिकडे हलवली. आठ-दहा दिवसांनी मी तण काढत होतो. कुत्रा उठून बाजूला झाला, आणि त्याच्या पोटाच्या जागेला लागून मातीतून तीन जाडसर कोंब वर आलेले दिसले. सवयीनं मी त्यातल्या एकाला चिमटीत धरलंसुद्धा. तेवढ्यात दिसलं की पानाच्या टोकाला बियाचं साल अजून टोपीसारखं अडकलंय. मी चिमूट सोडली आणि बोटानं माती उकरली. खाली शेणाचा चुरा होता, आणि एका खपलीवर पुसट लाल डाग.

मी बायकोला हाक मारली. ती आली, उकिडवी बसली, ती खपली तळहातावर घेऊन पाहत राहिली. मग तिनं कुत्र्याची मान खाजवली. त्यानं खाल्लं नव्हतं. मी मारलेली चप्पल सोसून, पळत जाऊन त्यानं ते जपून पुरलं होतं. त्याला काय कळत होतं, काय नव्हतं, देव जाणे. मी त्याच्यापुढं मनातल्या मनात हात जोडले, आणि हे मी थट्टेनं लिहीत नाही.

तीन कोंबांतला एक उन्हानं गेला. एक मांजरीनं उकरला. राहिला एक. त्या एकाभोवती आमचं घर फिरायला लागलं. दुपारी त्याच्यावर सुपाची सावली, सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी. पोळीचा पहिला घास मोडायच्या आधी बायको मागं जाऊन पाहून यायची. वेल धरल्यावर तर मी थक्कच झालो. सकाळी कुंपणाच्या तारेपासून वीतभर लांब असलेला तणावा दुपारी तारेला दोन वेढे घालून बसलेला असायचा. हे डोळ्यांनी दिसतं का पाहावं म्हणून मी एकदा खुर्ची टाकून दोन तास समोर बसलो. दिसलं नाही. चहा घ्यायला आत गेलो तेवढ्यात त्यानं तिसरा वेढा घातला.

मग फुलं आली, पण सगळी नर. तीन आठवडे नुसती नर फुलं. मग एक मादी फूल आलं, खाली सुपारीएवढं फळ घेऊन. चार दिवसांत ते पिवळं पडून गळालं. दुसरंही गळालं. मधमाशी एकही दिसत नव्हती. बायकोच्या चेहऱ्यावर पुन्हा ती भिंतीसमोरची छाया आली. एक वेल वाळला की संपलं, हे दोघांनाही कळत होतं.

तिसरं मादी फूल उमलायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, उद्या माणसानंच करावं लागेल. दिवस उगवताना आम्ही दोघं वेलाशी उभे राहिलो. तिनं ताजं नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि आतला पिवळा दांडा माझ्या हातात दिला. का, ते मला आजही माहीत नाही. तिला हे मला देण्याची काहीच गरज नव्हती. ज्या हातानं जाळलं त्याच हाताला तिनं हे करायला सांगितलं. मी तो दांडा उमललेल्या मादी फुलात टेकवला. बोटांना पिवळी पूड लागली. तिनं खालून माझं मनगट धरलं होतं.

ते फळ गळालं नाही. लिंबाएवढं झालं, मग नारळाएवढं. तिनं त्याच्या देठाला काळा दोरा बांधला, हे बियाण्याचं म्हणून. वानरं एकदा छपरावर आली तेव्हा आमचा नऊ वर्षांचा, दोन दात पडलेला कुत्रा असा भुंकला की मी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावलो. एरवी मांजर त्या फळाला पाठ टेकून झोपायची आणि कुत्रा तिला झोपू द्यायचा. देठ वाळेपर्यंत दसरा आला.

फळ कापलं तेव्हा आतला गर गर्द केशरी निघाला. त्या म्हातारीनं बोटांनी दाखवली होती तेवढीच जाडी. भाजी दोन घरी वाटली. बी मी मोजायला बसलो तर बायकोनं मोजू दिलं नाही, म्हणाली, त्याले मोजत नसतात. ताजं शेण कालवून तिनं आणि मी गोवऱ्या थापल्या. माझ्या वाकड्या झाल्या. तिनं त्या तशाच वर, न्हाणीच्या भिंतीवर लावल्या आणि एकेकीला कुंकवाचं बोट लावलं.

शेवटचा गोळा हातात घेऊन ती खाली बसली आणि भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो थापला. मी म्हणालो, तिथं कुत्रा नेईल.

“नेऊ द्या,” ती म्हणाली. “तुमच्यापरीस त्याच्यापाशी नीट राह्यते.”

त्या गोवरीला तिनं कुंकू लावलं नाही. कुंकू माझ्यासाठी असतं.