बाथरूमच्या दिव्याचं बटण

आमची आत्या एका शाळेत शिपाई होती. मुलं घरी गेली की वर्गावर्गातले दिवे-पंखे बंद करायचे, हे तिचं काम. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली, पण तिचा हात काही निवृत्त झाला नाही. कपडे धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची, जुन्या चादरींची फडकी करायची. ते आम्ही चालवून घेतलं. पण दिवे! आमच्या बाथरूमचं बटण बाहेर आहे. येता-जाता ती ते खटकन बंद करायची आणि आतून बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ओरडायचे, “ताई, मी आहे आत!”

“मग गाणं म्हणत जा. तू आत आहेस हे मला काय स्वप्न पडतंय?”

बाबा खरंच गायला लागले. इतकं बेसूर, की त्यापेक्षा अंधार परवडला.

गेल्या वर्षी आत्या वारली आणि बाबांचं गाणं बंद झालं.

काल बाथरूममध्ये कोणी नाही असं वाटून जाता जाता मीच दिवा बंद केला.

“ताई, मी आहे आत!”

मी जागच्या जागी थांबले. दिवा लावायला हात पुढे केला, तोच अंधारात बाबा गायला लागले.